ताप आलाच नाय
कितीदा हात लावून बघितलं, पण माझ्या बाळाचं कपाळ काही तापेना. सकाळी तिला लस टोचली होती, तेव्हा दवाखान्यातली सिस्टर म्हणली होती, "ताप आला तर घाबरू नको, हे थेंब दे." शेजारणीचं पोर तर लस टोचल्यावर लय फणफणलं होतं. मला वाटलं, ताप आल्यावर घाबरायचं नाय, म्हणजे नाय आला तर घाबरायचं. लस लागूच पडली नाय! आमचे हे कामावर गेलेले. झोपलेलं लेकरू पदराखाली घेतलं अन् नाशिक रोडच्या भर उन्हात पळत सुटले. दवाखान्यात स्पिरिटचा वास भरलेला, सिस्टर डबा खात बसलेली. "मॅडम, अजून एक सुई मारा, हिला तापच नाय!" तिनं घास खाली ठेवला, बाळाचं कपाळ बघितलं, मांडी बघितली. "हिला टोचू का तुला? अगं, ताप आला तर काय करायचं, तेवढंच सांगितलं मी. नाही आला तर घाबर, असं म्हणाले का? काहींना येतो, काहींना नाही. लस लागू पडते." "मग नाय आला तर काय करू?" "पापा घे तिचा, अन् घरी जा," असं म्हणून तिनं मला पाणी दिलं. पाणी पिता पिता मला रडूच फुटलं. आता लेक बालवाडीत जाते, तरी स्पिरिटचा वास आला की माझा हात तिच्या कपाळावर जातो. पण बायांनो, खरं सांगा, पहिलंच लेकरू, घरात विचारायला कोणी नाय, तुम्ही काय केलं असतं?