तिसऱ्यांदा जळालेला कन्व्हर्टर

आज झरी गावच्या एका काकांची कार वर्कशॉपमध्ये आली. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिसऱ्यांदा जळाला होता. मागचा मीच बसवला होता. कारण सापडलं नसतं, तर दोष माझ्याच कामाला लागला असता.

मी प्लग, सेन्सर, इंजेक्टर तपासले. सगळं ठीक होतं. बॅटरी मात्र पार उतरलेली.

मी विचारलं, "काका, सकाळी गाडी कशी चालू करता?"

काका आमच्या मिस्त्रींकडे बघत म्हणाले, "धक्का मारून. बॅटरी रातभर शेतात कुंपणाच्या तारंला करंट देणाऱ्या झटका मशीनला असती. डुकरं लय झालीत."

रोजच्या धक्क्यात न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. मी ते समजावलं आणि मशीनसाठी वेगळी बॅटरी घ्यायला सांगितलं.

"बरं झालं मिस्त्री, तुमच्यामुळं कळलं," काका म्हणाले.

"गाडीची बॅटरी डुकरांसाठी, मग आता लायसनही डुकरांनाच काढून द्या," मिस्त्री म्हणाले. सगळे हसले.

खरं कारण मी शोधलं, हे मिस्त्री बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

खोलीवर आल्यावर हे कुणाला सांगावं ते सुचेना, म्हणून इथे लिहिते आहे. काम बरोबर झालं, तर तुम्ही घरी येऊन कुणाला सांगता?