मटकीचा सातवा दिवस

मुलीचा विज्ञान प्रकल्प आम्ही एका रविवारी पावाबरोबर खाल्ला. चव चांगली होती.

त्याचं असं झालं, की आमच्या तिन्ही मुलांना शाळेने एकदमच प्रकल्प दिले आणि तिन्ही सोमवारीच न्यायचे होते. बायको, वैशाली, नेमकी त्याच रविवारी घोटीला माहेरी बारशाला निघाली. दारातून तिने विचारलं, "अहो, जमेल ना?"

"एकलहऱ्याचं अख्खं वीजकेंद्र सांभाळतो मी!"

"स्टोअरमध्ये आहात तुम्ही," ती म्हणाली आणि गेली.

धाकट्या मनूचं पुठ्ठ्याचं वीजकेंद्र मी तासाभरात उभं केलं. (चिमणी वाकडी झाली, पण धूर कापसाचा असल्याने कुणाची तक्रार नव्हती.) मधल्या ओमची कांदाचाळ आइस्क्रीमच्या काड्यांची, आत माझ्या विंचूरच्या कांदा-व्यापारी काकांनी दिलेले खरेखुरे छोटे कांदे. आठवीतली सई म्हणाली, "माझं झालंय पप्पा. फक्त आजची नोंद राहिलीय." इतकी गुणी मुलगी, की मी पुढे काही विचारलंच नाही. तिथेच चुकलं.

बारा वाजता तिघंही भुकेली. नाशिककर बाप रविवारी दुसरं काय करणार? मिसळ! स्वयंपाकघरात पाहतो तर मोड आलेली मटकी हजर! एक वाटी खिडकीत, एक कपाटात, एक फ्रिजमध्ये. बायको किती सोय करून गेलीय, या विचाराने माझे डोळे भरून आले. तिन्ही वाट्या पातेल्यात रिकाम्या केल्या. (फ्रिजमधलीला मोडच नव्हते, पण मी भेदभाव केला नाही.) वर घालायला कांदा संपला होता. ओम आंघोळीला गेला होता. मी चाळीतले दोन कांदे उचलले. मग सहा. मग म्हटलं, उरलेले एकटे पडतील!

सईने दोनदा मटकी मागून घेतली. "पप्पा, मम्मीपेक्षा भारी!" मग हात धुऊन, वही घेऊन ती आत गेली आणि तिथूनच किंचाळली, "माझी अंधारातली मटकी कुठंय?"

"कपाटातली?"

"हो! उजेडातली, अंधारातली, थंडीतली! सात दिवसांचं निरीक्षण होतं ते! आज सातवा दिवस!"

"सई... तू दोनदा घेतलीस गं."

तिने रडायला सुरुवात केली. तेवढ्यात ओमने चाळीत डोकावून भोंगा लावला.

"बाईंना सांग, भाव चढला म्हणून माल काढला," मी म्हणालो. तो तात्काळ गप्प झाला. विंचूरचं रक्त!

सई काही ऐकेना. "बाजारातून मोड आणतो," म्हटलं तर म्हणाली, "ते कुठे वाढलेत, किती दिवसांचे आहेत, कुणाला माहीत? मी खोटं लिहू?" मुलगी प्रामाणिक निघाली की बापाची फार पंचाईत होते! संध्याकाळी डोळे पुसून तिने फर्मान काढलं, "उद्या रजा टाका. शाळेत यायचंय."

सोमवारी भिंतीवर सहा दिवसांचा तक्ता, टेबलावर तीन रिकाम्या वाट्या आणि शेजारी मी.

"मटकी कुठंय?" बाईंनी विचारलं.

सईने शांतपणे माझ्या पोटाकडे बोट दाखवलं आणि सगळं खरंखरं सांगून टाकलं. बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. "मग सातव्या दिवसाची नोंद?"

सईने त्यांच्याकडून मापाची टेप मागून घेतली आणि भर वर्गात माझ्या कमरेभोवती गुंडाळली.

तिला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. वहीतली शेवटची ओळ येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आमच्या घरी वाचून दाखवली जाते: "वाढ भरपूर. दिशा आडवी."