आईच्या पक्ष्याला मिशा होत्या

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आज लिहितेय, कारण मागच्या कुंपणावरची हनीसकलची वेल पुन्हा फुललीय, आणि मला त्या बाजूची खिडकी उघडवत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. त्याचा मला अभिमान आहे — होता नाही, आहे. कराडजवळच्या गावातून नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलच्या लॅबपर्यंत मी स्वतःच्या जिवावर आले. घरात माझा शब्द शेवटचा असे. आई चौथी शिकलेली. औषधाच्या गोळीपासून ग्रहणापर्यंत काहीही असो, ती म्हणायची, "थांबा, माझ्या लेकीला विचारते."

असा विश्वास तुमच्यावर कुणी टाकलाय कधी? चटक लागते त्याची.

वडील गेल्यावर आई सहा महिने माझ्याकडे आली. आम्ही दोघं दिवसभर कामावर, ती घरात एकटी. गावच्या परसातल्या जास्वंदीवर येणारा वाकड्या चोचीचा इवला पक्षी तिला आठवायचा. "इथं तसलं काही येत न्हाई का गं?" मी फोनवर शोधलं. एका साइटवर होतं — आपल्या देशातली हनीसकल लावा, हमिंगबर्ड येतील, फुलापुढे हवेत थांबून मध पिणारे इवले पक्षी. तो 'आपला देश' म्हणजे अमेरिका, हे मी पाहिलंच नाही. आईला ठणकावून सांगितलं, "येतात. मी वाचलंय."

गार्डन सेंटरमधून इथली रानटी हनीसकल आणली. आईनं ती हातानं लावली, कुंपणाला सुतळीनं बांधली. जूनमध्ये फुलली. आई रोज स्वेटरवर शाल घेऊन घडीच्या खुर्चीत वेलीसमोर बसायची. चहा तिथंच गार व्हायचा.

शेजारच्या मॉरीननं मला कुंपणावरून विचारलं, आई कसली वाट बघतेय. मी सांगितलं. ती खळखळून हसली. नॉटिंगहॅमची म्हातारी माणसं ज्याला-त्याला प्रेमानं 'डक' म्हणतात, तशी म्हणाली, "अगं डक, ते पक्षी इथं नाहीत. अख्ख्या युरोपात नाहीत!"

त्या संध्याकाळी मी आईला सांगायला हवं होतं. एवढंच तर म्हणायचं होतं — आई, माझं चुकलं. पण ते मी घरात कधी म्हटलंच नव्हतं. शिवाय ती बसलेली असली की माझ्या मागे भुणभुण नसायची — हेही खरं. लपवून काय करू? मी तिला बसू दिलं. जून, जुलै.

ऑगस्टमध्ये कामावरून आले, तर आई दारातच. "आला गं! हवेत जागच्या जागी थांबला हुता, पंख दिसंनात. लांब चोच फुलात घालून प्याला." मग म्हणाली, "पन चोचीपाशी मिशा हुत्या त्याला. असत्यात का?"

बाथरूममध्ये जाऊन मी शोधलं. तो पतंग होता, फुलपाखराच्या जातीचा किडा. हमिंगबर्डसारखाच उडणारा, दिवसा फिरणारा, सोंडेनं मध पिणारा. बाहेर येऊन म्हटलं, "असतात. तोच तो."

पण हे खोटं म्हणजे माझा गुन्हा नव्हे. तो पुढे आहे.

आई परत गेली. दिवाळीत चुलतीच्या घरी सगळ्या बायका करंज्यांना बसल्या होत्या. व्हिडिओ कॉल आला. चुलतीची सून, शाळेत शिक्षिका — गावात माझ्यानंतर शिकलेली म्हणून तिचंच नाव निघतं — फोन धरून म्हणाली, "ताई, इंग्लंडात हमिंगबर्ड नसतातच ना हो? थोरल्या आई म्हणतायत, तुम्हीच सांगितलं!"

मागून आई म्हणाली, "सांग गं त्यास्नी."

सगळ्या बायका स्क्रीनमध्ये. आणि त्या सुनेचं ते हसू. मी काय केलं असेल?

मी म्हणाले, "मी? मी कधी म्हटलं? आईला काय, फुलपाखरू दिसलं तरी पक्षी वाटतो."

हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "म्हातारी इमानात बसून आली, आता काय बी दिसंल!" आईचा चेहरा मला दिसत होता. रागावली नाही ती. कातण्यानं करंजीची कड कापत म्हणाली, "माझंच ऐकण्यात चुकलं आसंल. मला कुठं कळतंय."

तिला सगळं आठवत होतं. मला वाचवलं तिनं.

त्यानंतर तिनं मला काहीही विचारलं नाही. ना गोळीचं, ना ग्रहणाचं. फोनवर फक्त — जेवलीस का? दीड वर्षानं ती गेली. तेराव्याला पंगतीत बायका तिच्या आठवणी काढत होत्या, आणि त्यात तो पक्षीही निघाला. पुन्हा तसाच हशा. वाढायचं पातेलं हातात धरून मी तिथं उभी होते. तोंड उघडलं नाही.

काल दुपारी पतंग आला. हवेत थांबला, पंख दिसेनात. काचेला नाक लावून मी नीट पाहिलं. मिशा आहेत त्याला. आई, तू जसं सांगितलंस, अगदी तस्सं. चुकीचं नाव तेवढं माझं होतं.

मी म्हटलं होतं. मीच म्हटलं होतं.