हेमीच्या गेममध्ये अडकलेल्या अक्षता

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, आमच्या रिकार्टनच्या फ्लॅटवर हेमीचा गेम लोडच होईना... स्क्रीनवर ते गोल चाक नुसतं फिरतंय आणि हेमी सोफ्याच्या टोकावर घाम पुसतोय.

हेमी म्हणजे माझा फ्लॅटमेट. इथलाच, इथल्या मूळ लोकांपैकी, माओरी. आम्ही दोघं एकाच साइटवर परांची बांधतो.

त्याची लेक आरोहा तिच्या आईकडे असते, लोअर हट नावाच्या गावी. दर रविवारी बापलेक आपापल्या घरून गाड्यांची रेस खेळतात. एरवी फोनवर ती "येस, नो, ओके" च्या पुढे जात नाही. पण रेस सुरू झाली की शाळा, मैत्रिणी, हलणारा दात... सगळं सांगत सुटते. हेमीचा अख्खा आठवडा त्या रेसवर निघतो.

आणि आज नेमका गेम अडलेला. ती तिकडे फोन धरून थांबलेली. "डॅड, आर यू कमिंग ऑर नॉट?"

हेमीने बंद करून चालू केला. वायरी काढून फुंकल्या, वायफायला शिव्या घातल्या. मीपण डिस्क टी-शर्टला पुसून दिली, मोठ्या मेकॅनिकच्या थाटात. कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं म्हणून त्याने बाकीचे गेम उडवून जागा केली... काही नाही. डिस्क आत गेली की खर्र, खर्र आणि परत ते चाक.

ती खरखर नीट ऐकली आणि मला कालची पूजा आठवली.

त्याचं असं झालं... आदल्या दिवशी मी दसऱ्याची पूजा मांडली होती. पाना, हातोडी, हेल्मेट, सेफ्टी बेल्ट. गावी आमचे अण्णा गॅरेजातल्या पान्यांची पूजा करायचे. माझी शाळा नववीतच सुटली, पण हे काही सुटलं नाही.

झेंडू इथे कुठला... शेजारच्या बाईंना विचारून डॅफोडिलची पिवळी फुलं आणली. हेमी ओव्हरटाइमला गेलेला. टॉवेल अंथरून सगळं मांडलं आणि त्यात त्याचा गेमचा कन्सोलपण ठेवला. हळदकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या... एकदम सढळ हाताने!

संध्याकाळी त्याने विचारलं होतं, "ब्रो, हा लाल ठिपका कसला?" मी म्हटलं, गुड लक. तो म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत झकास.

हे घ्या गुड लक!

मी डिस्क काढून कन्सोल उचलला, त्याचं तोंड खाली केलं आणि हलवला. "ओय, वेडा झालास का?" हेमी ओरडला. तेवढ्यात टपकन एक तांदूळ पडला. मग अजून दोन-तीन, हळदीने पिवळे झालेले.

मी सगळं सांगून टाकलं. मनात म्हटलं, चला, ही खोलीपण गेली. नाहीतरी या देशात आल्यापासून मी कुठे टिकलोय... ऑकलंडला कंटाळलो, मग हॅमिल्टनला. पाय एका जागी ठरतच नाहीत.

हेमी त्या तांदळांकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, "यात तुम्ही देवाकडे काय मागता?"

मी म्हटलं, मागत काही नाही. ज्याच्यावर आपलं चालतं, त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे... बस.

त्याने तांदूळ गोळा करून बाजूला ठेवले. डिस्क आत सरकवली. खरखर नाही... गेम लागला!

फोन तोंडाजवळ धरून म्हणाला, "आरोहा, माझ्या फानाऊने मशीनला आशीर्वाद दिलाय. आज तू हरणार." फानाऊ म्हणजे त्यांच्यात घरची माणसं.

"नॉट फेअर!" ती तिकडून किंचाळली. आणि पहिल्याच रेसला बापाला धूळ चारली. मग दाताचं सुरू झालं... पडला, गिळला गेला असता, आईने कसा शोधला... हेमी हरत होता आणि हसत होता.

मी आत जाऊन उगाच चहा टाकला. डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं झालं होतं.

तुझ्या पूजेत माझी वस्तू कशाला, असं त्याने विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, कोण जाणे. परक्याची वस्तू कुणी आपल्या पूजेत मांडत नाही. आपलं माणूस कोण, हे माझ्या हातांना माझ्याआधी कळलं होतं... एवढंच.

थँक यू, हेमी. पुढच्या दसऱ्यालापण मी इथेच आहे. अक्षता मात्र लांबून.