तिसरं नाव

लोणखेड्याच्या हेमकांत पाटलाला एका जागी बसवत नाही. केळीला पाणी सोडता सोडता तो बातम्या पाठवतो, आणि लग्नात अक्षता पडल्या न पडल्या की गडी मोटारसायकलवर. शहाद्याच्या एका दैनिकाचा बातमीदार म्हणून त्याला मिळतं काय, तर मान, तोही अर्धामुर्धा. पण एक गोष्ट त्याने जिवापाड जपली होती. त्याच्या कानात पडलेलं नाव आजवर कधी बाहेर फुटलं नव्हतं.

म्हणूनच सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाक करणाऱ्या गुलाबबाईने त्याला सांगितलं, की पोरांच्या दुधात निम्मं पाणी घालतात. "मन्हं नाव नको लेजो, काम जाई," एवढंच तिचं मागणं. बातमी छापून आली, तिचं नाव कुठेच नव्हतं. शाळेची चौकशी लागली आणि अधीक्षक प्रेमचंदभाऊंचा फोन आला. प्रेमचंदभाऊ हेमकांतच्या नात्यातले, बोलायला अगदी लोणी.

"नाव नको सांगू भाऊ. नवलनी सांगं का, तेवढंच सांग."

नवल म्हणजे शाळेचा शिपाई. गरीब माणूस फुकट मरायचा. "नही," हेमकांत म्हणाला.

"कालीबाईनी?"

"नही हो. ती झाडू मारस, ती बिचारी कसाले सांगी?"

"मंग गुलाबबाईनी?"

हेमकांतने घसा खाकरला. इतका वेळ घरच्यासारखी अहिराणी बोलणारा हा माणूस एकदम कचेरीतल्या मराठीत शिरला. "भाऊ, बातमी कुणी दिली, हे आम्ही सांगत नसतो."

"बरं शे," म्हणून प्रेमचंदभाऊंनी फोन ठेवला. हेमकांत स्वतःवरच खूश झाला. तत्त्व पाळलं होतं ना त्याने.

बायको मयूरी भाकरी थापता थापता सगळं ऐकत होती. "दोन्हीसले नही म्हनात," ती म्हणाली. "मंग तिसरीना टायमाले काय व्हयनं?"

तेव्हा कुठे हेमकांतच्या ध्यानात आलं. गप्पच राहायचं होतं, तर पहिल्या नावालाच तोंड मिटायचं. नवलला वाचवायला गेला आणि जिला वाचवायचं तिलाच पुढे ढकलून बसला. त्याने प्रेमचंदभाऊंना पुन्हा फोन लावला, तो लागेना. ताटातली भाकरी तशीच सोडून तो गुलाबबाईच्या घराकडे निघाला.

गुलाबबाई भरदुपारी घराच्या ओट्यावर बसली होती. उद्यापासून येऊ नको, असं सांगून तिला घरी पाठवलं होतं. हेमकांतने फोनवर काय झालं ते एकही शब्द न लपवता सांगितलं. लाजेने त्याला वर बघवत नव्हतं.

"तुले काढं, हाई बी छापस मी," तो म्हणाला.

"छाप," ती म्हणाली. "पन त्या लोके परत दुधमा पानी टाकतीन, तं तुले कोन सांगी?"

आतलं सांगेल तर आता नवलच, म्हणून हेमकांतने तिच्यासमोरच त्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली. नवलने काही फोन उचलला नाही.