उजव्या हाताचे आकडे

भोरमध्ये आमचा लग्नात वाजवणारा छोटा ऑर्केस्ट्रा होता. मी गायचो आणि माझा शाळेपासूनचा मित्र कीबोर्ड वाजवायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यानं पुण्यातून एक जुना कीबोर्ड आणला. त्यात सिक्वेन्सर होता. तुम्ही वाजवलेला आवाज तो साठवत नसे. कुठली पट्टी, कधी, किती जोरात दाबली एवढंच लक्षात ठेवायचा आणि बटण दाबलं की तसंच पुन्हा वाजवायचा. मित्राला त्याचं फार अप्रूप. "ह्याला माझी बोटं पाठ हाईत," म्हणायचा.

पुढच्या वर्षी एका लग्नाची सुपारी वाजवून परतताना सारोळ्याजवळ आमचा टेम्पो उलटला. मला खरचटलं. त्याचा उजवा हात स्पीकरच्या खोक्याखाली सापडला. हाड जुळलं, पण बोटं वळेनात.

बरेच दिवस तो कुणाला भेटेना. मग एका दुपारी त्यानंच निरोप धाडला. नवरी मांडवात येताना वाजवायची त्याची स्वतःची एक संथ धून होती. वेल्ह्याच्या एका घरानं ती आधीच मागून ठेवली होती. आजवर तो ती समोर बसूनच वाजवायचा, त्यामुळं रेकॉर्ड केलेली नव्हती.

"डाव्या हातानं वाजवतो," तो म्हणाला. "मग आपण दुरुस्त करू."

डाव्या हातानं वाजवलेली धून अडखळत होती. आम्ही तिची एकेक नोंद कीबोर्डच्या बारक्या पडद्यावर उघडली. मी आकडे बदलायची चकती फिरवायचो, तो डोळे मिटून ऐकायचा.

"ह्यो सूर उशिरा आलाय. अलीकडं घे."

मी घेतला.

"आता जोर कमी. अजून कमी."

तरी काहीतरी चुकतच होतं. शेवटी त्यानं अपघाताआधीच्या गाण्यांची फ्लॉपी घातली आणि तिथल्या नोंदी उघडल्या. उजव्या हाताचे आकडे समोर आले. तो कितीतरी वेळ ते बघत राहिला.

"वर जाताना म्या हलका व्हायचो, बघ," तो म्हणाला. "मलाच ठावं नव्हतं."

मग त्या आकड्यांवरून आम्ही डाव्या हातानं वाजवलेल्या धुनेतला प्रत्येक सूर बेतला. त्यात किती दुपारी गेल्या कोण जाणे. सगळं झाल्यावर त्यानं स्वतः बटण दाबलं. धून पहिल्यासारखीच वाजली. अगदी त्याचीच.

आतून त्याची अम्मी धावत आली. हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं.

"बोटं वळली व्हय रं?" तिनं विचारलं. चेहरा असा उजळलेला, की मी खाली बघितलं.

तो खिडकीपाशी उभा होता, कीबोर्डपासून लांब. धून वाजतच होती.

"न्हाई अम्मी," तो म्हणाला. "मशीन वाजवतंय."

ती पदरानं डोळे पुसून आत गेली. पदराला पीठ लागलं.

वेल्ह्याच्या लग्नात फ्लॉपी घालून तो स्टेजच्या कडेला उभा राहिला. मुलीचे मामा आले. माणूस वाईट नव्हता.

"तुमी बसा की मास्तर. नुसतं हात ठेवा वर. लोकास्नी बरं दिसंल."

तो बसला. नवरी आली, धून सुरू झाली. त्यानं उजवा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला आणि ती संपेपर्यंत तसाच ठेवला. शेजारी माइक धरून मी उभा होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "कीबोर्ड ऑर्केस्ट्रालाच ठेवा. मला आता नगं."

पानशेतला त्याच्या मेव्हण्याचं हॉटेल होतं, तिथं तो गल्ल्यावर बसायला लागला. वर्षभरानं मी त्याला भेटायला गेलो. धरणावर फिरायला आलेल्या माणसांची झुंबड होती. त्यानं चहा सांगितला. आम्ही पावसाचं बोललो, रस्त्याचं बोललो.

"नवीन वाजवणारा बरा हाय का?" मध्येच त्यानं विचारलं.

"बरा हाय."

"मग झालं तर."

एसटीपर्यंत तो सोडायला आला. गाडी लागली तसं म्हणाला, "मुद्दाम नगं येत जाऊ. हितं लई गर्दी असती."

त्यानंतर मी गेलो नाही. तोही कधी भोरला आला नाही.