मानेखाली हात

घोटावड्याच्या तालमीत नवं पोर आलं, की भिवाजी वस्ताद त्याचे दंड बघत नसत, मान बघत. मग विचारत, "कुस्ती कशापायी शिकायची रं?" पोरगं छाती काढून म्हणायचं, "पाडायला."

"हात्तिच्या! पाडतोय तर बैलबी," वस्ताद म्हणायचे. "मानंखाली हात द्यायला शिकायचं. उचलून टाकलास तरी समोरच्याची मान तुझ्या तळव्यावर उतरली पायजे. त्यालाबी उद्या कामावर जायाचं असतं."

हे काही उगाच सांगणं नव्हतं. तरुणपणी एका जत्रेत समोरच्या गड्यानं वस्तादांना आपटलं आणि हात द्यायचा विसरला. तेव्हापासून मागं बघायचं तर त्यांना अख्खं अंग वळवावं लागे. पुन्हा हिसका बसला तर खाटेवरून उठणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून ते मातीत उतरत नसत, कडेला उभं राहून ओरडत. सगळ्या तालमीला हे ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त अमोलला.

अमोलचा बाप लवकर गेला. पोरगं तालमीतच वाढलं, वस्तादांच्या घरची भाकरी खाऊन दांडगं झालं. आणि पुढं काय? पैलवानाला नोकरी देतो कोण! हिंजवडीला एका हॉटेलच्या दारात काळा टी-शर्ट घालून बाउन्सर म्हणून उभा राहिला. वस्तादांना ते रुचलं नाही, पण पोटापुढं बोलणार काय?

त्या सकाळी वस्ताद गोठ्यात होते, तेव्हा लिलाबाईचा फोन आला. लिलाबाई आणि तिचा नवरा बारकू डोंगराखालच्या वस्तीवरचे. तांबड्या उताराचा एक तुकडा कसायचे, नाचणी घ्यायचे. तालमीला दरवर्षी नवी माती लागते, ती त्यांच्याच रानातली. बारकू पाट्या भरून द्यायचा आणि पोरं ती चाळून, ताक-तेल-हळद घालून मळायची.

"वस्ताद, बिगीबिगी या," लिलाबाई म्हणाली. "तुमची पोरं आल्यात."

"माझी?"

"व्हय, तुमचीच. खांब आन तार घिऊन."

वस्ताद हातातलं काम टाकून निघाले. त्या तुकड्यावर शेखर नावाच्या एजंटाचा डोळा होता. प्रकरण कोर्टात होतं आणि तारीख दुसऱ्याच दिवशी होती. आज कुंपण घातलं की उद्या फोटो दाखवून 'ताबा आमचा' म्हणायला हा मोकळा. मग लिलाबाई-बारकूनं जायचं कुठं?

वस्ताद पोचले तेव्हा बांधाला पांढरी गाडी उभी होती. शेखर आत बसूनच मोबाइल चाळत होता. रानात काळ्या टी-शर्टातले पाच-सहा धटिंगण, हॉटेलच्या दारातून भाड्यानं आणलेले. बारकूला त्यांनी बांधाकडं ढकलून दिलं होतं. पहिल्या खांबासाठी खड्डा खणत होता अमोल. पायात जाड बूट!

वस्तादांनी वहाणा बांधावर काढल्या आणि जाऊन खड्ड्यात पाय रोवून उभे राहिले.

"वस्ताद, बाजूला व्हा," अमोल खाली बघत म्हणाला. "कामावर हाय मी."

"ह्याला काम म्हणतोस? लाज न्हाई वाटत? जिच्यात लोळून मोठा झालास ती माती हाय ही!"

"मला ते काय सांगू नका. मी न्हाई तर दुसरा कोन तरी करनारच हाय."

"मग दुसऱ्याला करू दे की! तू कशाला?"

गाडीतून शेखर ओरडला, "अरे, म्हाताऱ्याशी गप्पा काय मारतोयस? उचल आणि ठेव बाजूला!"

अमोल एक पाऊल पुढं आला. तेव्हा वस्तादांनी जे केलं, ते बघून लिलाबाईनं तोंडावर हात धरला. ते वाकले, मूठभर माती उचलली, स्वतःच्या खांद्यांना फासली. पुन्हा मूठ भरली आणि अमोलपुढं धरली.

तालमीत माती पुढं केली की दोनच वाटा. घ्यायची आणि लढायचं, नाहीतर हार मानून मागं फिरायचं. काळ्या टी-शर्टातले निम्मे याच तालमीतले होते. ते जागच्या जागी थबकले.

"वस्ताद, याडपना करू नका. तुमची मान..."

"माझी मान माझ्यापाशी हाय. माती घे, न्हाय तर खांब उचल आन चालू लाग."

अमोलनं गाडीकडं बघितलं, सोबत्यांकडं बघितलं. सगळे त्याच्याकडंच बघत होते. मग तो खाली बसला आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागला. अनवाणी उभा राहून त्यानं माती घेतली.

वस्तादांना भीती वाटली. चांगलीच वाटली. हा काय तालमीतला मऊ मातीचा हौदा नव्हता. रान वाळून टणक झालं होतं, जागोजागी धोंडे वर आलेले. एक हिसका, आणि उरलेला जन्म छताकडं बघत! पण आता मागं सरायची सोय नव्हती.

हात भिडले. पोराच्या मनगटातली ताकद वस्तादांना लगेच कळली. त्यांनी पायांना हात घालून पट काढायचा प्रयत्न केला, तो अमोलनं सहज मोडला. मग त्यानं ढाक मारली, कमरेवर घेऊन उचललंच. वस्तादांचे पाय सुटले, डोंगर उलटा झाला, आभाळ खाली आलं आणि काडकन आवाज झाला.

लिलाबाई किंचाळली, "मेलं, मेलं मानूस!"

वस्ताद चीतपट पडले होते. त्यांनी पायाची बोटं हलवून बघितली. हलली. मानेखाली काहीतरी ओलं, गरम होतं. अमोलचा तळवा! त्याखाली धोंडा. मनगट भलतीकडंच वळलेलं.

"वस्ताद, मान?" अमोलच्या तोंडून एवढंच निघालं.

"जाग्यावर हाय," वस्ताद म्हणाले. मग पडल्या पडल्याच बोलले, "तू जितलास. ज्यानं वस्तादाला चीत केला, तालीम त्याची. आपली रीत हाय. आजपासनं तालीम तुझी, ही मातीबी तुझी. आता हिच्यात खांब रवायचा का न्हाई, तू बघ."

शेखर टाळ्या वाजवत गाडीतून उतरला. "शाब्बास! चला, लावा खांब!"

अमोल उठला. मोडलेला हात छातीशी धरून शेखरसमोर जाऊन उभा राहिला. रडत होता, पण आवाज खणखणीत होता.

"बूट घालून आत याचं न्हाई."

मागून एकेका सोबत्यानं तार खाली टाकली. शेखरनं शिव्या घातल्या, धमक्या दिल्या, फोन लावले. शेवटी गाडी वळवून गेला. दुसऱ्या दिवशी कोर्टानं निकाल लागेस्तोवर रान लिलाबाईकडंच ठेवलं.

अमोलचं मनगट मात्र वाकडंच बसलं. भरली बादली त्याला उचलवत नाही. हॉटेलनं काढून टाकलं. तो आता तालमीच्या कडेला उभा राहून पोरांवर ओरडतो, "मान! आधी मान धर!"

परवा लिलाबाई नाचणीच्या भाकरी घेऊन तालमीत आली. "वस्ताद, तुमी आमच्यापायी मान पनाला लावली," म्हणत पाया पडायला वाकली.

वस्तादांनी पाय मागं घेतले. त्यांचे डोळे भरून आले. "माझी मान कुटं लागली पनाला, बाई? भ्या वाटत व्हतं, पर त्याचा हात येनार, हे आतून ठावं व्हतं. मी पोराचा हात लावला पनाला. सगळं गाव माझं कवतिक करतंय आन मला भाकर गोड लागंना."

अमोल तिथंच होता. त्यानं ऐकलं. डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडून वस्तादांच्या हातात दिला.

"खावा गुमान," तो म्हणाला. "तुमाला उचललं तवाच धोंडा दिसला व्हता मला. हात काढून घ्यायला येळ व्हता."